मांडवातला कान, घरातला आवाज

वरठीपासून तुमसरपर्यंतच्या पट्ट्यात माझे स्पीकरचे बॉक्स वाजले नाहीत असं गाव सापडणं कठीण. लग्न, जयंतीची मिरवणूक, शारदेचा मांडव, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणारं दंडारीचं लोकनाट्य. साऊंड सर्व्हिसवाला म्हणून बोलावणं यायचं आणि मी गाडी भरून निघायचो. मैदान पाहिलं की बॉक्स कुठे उभे करायचे, माइक कुठे शिट्टी मारेल, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल की नाही, हे मला उभ्या उभ्या कळायचं. ही फुशारकी नाही. सुताराला लाकूड कळतं तसं मला ते कळत होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर कंबर कुरकुरायला लागली. बॉक्स उचलणं जमेना. मग जवळजवळ सगळं सामान तुमसरच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकलं आणि घरी बसलो. घर वरठीला, स्टेशनपासून थोडं आत, नव्यानेच बांधलेलं. हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, वर पांढरंशुभ्र छत आणि एका भिंतीला बायकोच्या हौसेचं काचेचं शोकेस.

त्या हॉलमध्ये बायको सकाळी गाणी ऐकायची ती मोबाइल स्टीलच्या गिलासात उभा करून. गिलासामुळे आवाज जरा मोठा होतो. ती अंगणवाडीत सेविका आहे आणि रविवारी विहारात वंदना तीच सांगते. गळा गोड आहे, पण त्याहून कान पक्का आहे. चार बायका मिळून गाताना एखादीचा सूर जरासा उतरला तरी हिची मान नेमकी त्या बाईकडे वळते.

एक दिवस चहा देताना ती म्हणाली, "साऱ्या गावानं तुमचा आवाज आयकला, अन् मी गिलासातलं गाणं आयकून राहिली."

मला ते लागलं. मी म्हटलं, "एका दिवसात लावून देतो तुले. पाहजो तू."

मी हे पूर्ण खात्रीने म्हणालो होतो. ते एका दिवसाचं काम पुढे वर्षभर चाललं.

सामान देताना दोन बॉक्स मी मागे ठेवून घेतले होते. जुने, पण दमदार. नवं काही घेण्यापेक्षा हेच हॉलमध्ये ठेवू असं ठरवलं. माणसाच्या छातीपर्यंत येणारे ते बॉक्स शोकेसच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत बसवले, कारण दुसरीकडे ते मावतच नव्हते. जोडणी केली आणि बायकोच्या आवडीचं एक जुनं गाणं लावलं.

शोकेसची काच थरथरायला लागली. आतले कप एकमेकांवर वाजले. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खाली पडलं. बायको पदर कानाला लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

"कमी करा ना जी!" ती बाहेरून ओरडली.

मी कमी केलं. तर गाण्याचे शब्द गेले आणि नुसती धमधम उरली. थोडं वाढवलं की काच थरथरे, कमी केलं की गाणारी बाई घशात कापूस कोंबल्यासारखी. मैदानासाठी बांधलेला बॉक्स हळू वाजायला तयारच नसतो. त्यात तो कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि फरशी मिळून बेस फुगवतात. मैदानात भिंतीच नसतात, त्यामुळे हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

बायको आत आली आणि बॉक्सकडे बोट दाखवून म्हणाली, "हे घेऊन जा बाहेर. मले गाणं कानाजवळ पाह्यजे, अंगावर नाई."

इथे एक सांगून ठेवतो. लोकांच्या घरच्या चुका काढायला मला बरेचदा बोलावत. कोणी एका स्पीकरची तांबडी-काळी वायर उलटी जोडलेली असे. मग दोन्ही स्पीकर चालू असूनही गाणं पोकळ, बेसचा पत्ता नाही. कोणी खोक्यावरचा वॅटचा भलामोठा आकडा पाहून मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणे आणि त्याला स्पीकरवर स्पीकर जोडत जाई, तापून ती बंद पडेपर्यंत. कोणाकडे अर्थिंगच नसे, मग गाणं थांबलं की भुंग्यासारखी गुणगुण सुरू. हे सगळं मी चहा थंड व्हायच्या आत दुरुस्त करून द्यायचो. अशी चूक माझ्या हातून होणं शक्यच नव्हतं, आणि झालीही नाही. माझ्या चुका अनुभवी माणसाच्या होत्या. अनुभवी माणूस एका जागी शिकलेलं उचलून दुसऱ्या जागी तसंच्या तसं नेऊन ठेवतो आणि त्याला शंकाही येत नाही.

घरासाठी वेगळं सामान घ्यायचं ठरलं. मी नागपूरला निघालो. बायको म्हणाली, "मी येऊ का संगं?"

"तू कायले? तिथं मशीनचं बोलणं असते," मी म्हणालो आणि एकटाच गाडीत बसलो.

दुकान मोठं, गारेगार, जमिनीवर जाड गालिचा. दुकानदाराने स्पीकरच्या दोन जोड्या लागोपाठ वाजवून दाखवल्या. गाणं त्याचं, आवाजही त्यानेच ठेवलेला. दुसरी जोडी एकदम खुलून वाजली. मी तीच घेतली, सोबत एक घरगुती ॲम्प्लिफायर. वास्तविक त्याने दुसऱ्या जोडीला आवाज किंचित वाढवला होता, एवढंच. जे थोडं मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, ही युक्ती मी स्वतः गिऱ्हाइकांसमोर वापरलेली होती. पण गिऱ्हाईक झालो की मीही गिऱ्हाइकासारखाच फसलो. घरून बायकोची दोन गाणी नेली असती, ती दोन्ही जोड्यांवर सारख्या आवाजात ऐकली असती आणि तिला सोबत घेतलं असतं, तर कदाचित पहिली जोडी घरी आली असती. तरी आणलेली वाईट नव्हती हे मी आजही सांगतो.

आता ती लावायची कुठे? मांडवात बॉक्स नेहमी उंच, कारण समोरच्यांच्या डोक्यांनी आवाज अडू नये. मी ड्रिल घेतलं, छताजवळ दोन ब्रॅकेट ठोकले आणि स्पीकर खाली तोंड करून वर बसवले. वायर पट्टीतून इतकी स्वच्छ नेली की पाहणाऱ्याला दिसू नये. काम पाहून मीच खूश.

बायको सोफ्यावर बसली. गाणं लागलं. तिने आधी समोर पाहिलं, मग हळूहळू मान वर केली.

"कसं वाटून राहिलं?" मी विचारलं.

"कोणी माळ्यावर बसून गाऊन राहिलं असं वाटते," ती म्हणाली. "खाली उतरवा ना त्या बाईले."

मी हसलो, पण तिच्या बाजूला जाऊन बसलो तेव्हा मलाही ती बाई छताजवळच दिसली. आमच्या हॉलमध्ये कोणाच्या डोक्याने आवाज अडणार होता? दोघंच तर माणसं. स्पीकर उतरवले. भिंतीत पडलेली भोकं बायकोने एका कॅलेंडरखाली आणि एका फोटोखाली झाकली. वेल्डिंगवाल्याकडून बसल्या माणसाच्या कानाएवढ्या उंचीचे दोन लोखंडी स्टँड करून घेतले, त्यांच्या पोकळ पायांत वैनगंगेची वाळू भरली, आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून आमच्या दोघांकडे जरासे वळवले. गाणारी बाई सरळ समोर येऊन उभी राहिली. बायको पहिल्यांदा पूर्ण गाणं संपेपर्यंत बसली.

"बरं हाय," ती म्हणाली. "पण आंघोळीच्या खोलीत गायल्यासारखं घुमते."

तिचं खरं होतं. टाइल्स, काच, उघड्या भिंती. टाळी वाजवली तर ती खोलीत फिरून परत यायची. मी मशीनची सगळी बटणं फिरवून पाहिली. घुमणं जाईना. उघड्या मैदानात अशी घुमणूक मी कधी सोसलीच नव्हती, त्यामुळे माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं.

औषध आलं ते करडीहून. तिथे माझ्या साळ्याची धानाची शेती आहे आणि दरवर्षी मळणी झाली की तो आम्हाला वर्षाचा तांदूळ पाठवतो. त्या वर्षी मागची खोली रंगवायला काढली होती, म्हणून पोती हॉलमध्येच उतरवून घेतली. सोफ्याच्या मागे भिंतीला लागून थप्पी लागली आणि वर बायकोने उन्हात वाळवलेल्या वाकळी आणून टाकल्या. संध्याकाळी तिने सहज गाणं लावलं. मी अंगणात गाडी पुसत होतो. तिथून मला कळलं की काहीतरी बदललं आहे. फडकं हातात घेऊनच मी आत आलो.

"तुम्ही काही केलं का?" तिने विचारलं.

"मी बाहेर होतो."

आम्ही दोघांनी एकदमच पोत्यांकडे पाहिलं. मी मध्ये उभा राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली.

रंगकाम आटोपल्यावर पोती मागे गेली, तशी घुमणूक परत आली. आता मात्र मला औषध माहीत होतं. सोफ्यामागे जाड पडदा, खाली सतरंजी, बाजूच्या भिंतीला पुस्तकांची उघडी मांडणी. मशीन बदलण्याआधी खोली बदला, हे मी आता कोणालाही ठासून सांगतो. लोकांना ते पटत नाही. पडदा म्हणजे आवाजाचं सामान नव्हे असं त्यांना वाटतं.

इथवर मी खुशीत होतो. प्रत्येक चूक सापडत होती आणि सुटत होती. अडलं ते पुढे.

मला गाणं मंद वाटायला लागलं. झांजा वाजाव्यात तिथे वाजत नव्हत्या. बासरीतला श्वास, तबल्याच्या कडेचा, चाटीवरचा कडक ठोका, काही म्हणजे काही येईना. मी मशीनवरचा ट्रेबल वाढवला. बायकोने दातांवर दात दाबले.

"स म्हटलं का कानात टोचते," ती म्हणाली. "कमी करा."

"अवो, झांज कुठं येऊन राहिली? मुकी मशीन हाय हे."

"मले तर येऊन राहिली. जास्तच येऊन राहिली."

ती अंगणवाडीत गेली की मी ट्रेबल वाढवायचो. ती आली की कमी करायची. मी वायर बदलल्या. बारीक आवाज काढणाऱ्या ट्वीटरची जाळी काढून पाहिली. मग ॲम्प्लिफायर खोक्यात बांधून तुमसरच्या मेकॅनिककडे नेला. हा माझा जुना सोबती; माझ्या मांडवातल्या सगळ्या मशिनी त्याच्याच टेबलावरून गेलेल्या. त्याने उघडून, मोजून, वाजवून पाहिला.

"मशीन फर्स्टक्लास हाय, भाऊ," तो म्हणाला. "काही खराबी नाई."

"नीट पाह्य. वरचा आवाज खाऊन राहिली."

"नाई खाऊन राहिली."

मी चिडून मशीन उचलली आणि परत आलो. वाटेत त्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो.

त्याच सुमारास मुलगी नागपूरहून दोन दिवसांसाठी आली. ती तिथे नोकरी करते. जेवणानंतर आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो होतो. आईने माझी तक्रार केली, मी मशीनची केली. मुलीने मोबाइल काढला.

"बाबा, याच्यात एक शिट्टी लावता येते," ती म्हणाली. "जाड आवाजापासून चढत चढत बारीक होत जाते. स्पीकरवर लावते. कोणता आवाज मशीन गाळते ते समजून जाईल."

मला ती कल्पना आवडली. शिट्टी सुरू झाली. आधी गाईच्या हंबरण्यासारखी, मग चढत गेली. माणसाच्या आवाजातून, बासरीतून वर, आणखी वर, आणि एका जागी बंद झाली.

"हे पाहा," मी म्हणालो. "इथं गाळते. तुटली. आता कर बरं पुढचं चालू."

बायकोने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, एक हात कानावर होता.

"चालू कर ना वो," मी पुन्हा म्हणालो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "चालूच हाय."

मी स्पीकरकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिने कानावरचा हात काढून मांडीवर ठेवला, जणू तो तिथे असायलाच नको होता. मी उठून स्पीकरजवळ गेलो आणि ट्वीटरला कान लावला. काहीच नाही. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर मालगाडी जात होती तीही ऐकू येत होती, पण त्या स्पीकरमधून माझ्यासाठी काहीच निघत नव्हतं.

"बंद कर आता," मी म्हणालो, आणि मग त्या दोघींचे सैल झालेले चेहरे पाहून लक्षात आलं की ती बंदच आहे.

भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मुलगीच घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन देऊन त्यांनी तपासणी केली. नंतर विचारलं, "काम काय करत होता?"

मी सांगितलं. अभिमानानेच सांगितलं.

"कार्यक्रम झाल्यावर कानात सूं आवाज राहायचा?"

"तो तर राह्यतेच, मॅडम. सकाळपर्यंत जाते."

"तो जायचा, पण दर वेळी थोडं सोबत घेऊन जायचा," त्या म्हणाल्या. "वरचे बारीक आवाज गेलेत. ते परत येत नाहीत. आहे ते मात्र नीट सांभाळता येईल. मोठ्या आवाजापासून लांब राहा, आणि पुढे बोलणं समजायला अडचण आली तर यंत्र लावू."

परतीच्या वाटेवर मला बॉक्सच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो ते सगळे मांडव आठवले. तिथेच बसावं लागतं, हात मिक्सरवर असावा लागतो. कानात बोळे घालणारा साऊंडवाला मी कुठे पाहिला नव्हता. कोणी घातले असते तर आम्हीच हसलो असतो. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मी मेकॅनिक माणसांत वाढलेला आहे. बिघाड कुठे आहे ते न कळणं मला जास्त छळतं. कळला की निम्मं काम झालं. घरी पोचेपर्यंत मला एवढं नक्की कळलं होतं की मशीन ठीक आहे, स्पीकर ठीक आहेत, खोली ठीक आहे. मी वर्षभर एका फुटक्या मापाने दूध मोजत होतो.

पहिला फोन तुमसरच्या मेकॅनिकला केला.

"मशीन बरोबर हाय. माहा कान खराब हाय," मी सांगितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "मंग माहाही तपासून घेतो. मीही तर तुमच्याच बाजूले बसत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला मशीनसमोर बसवलं. "ट्रेबल हे, बेस हे. तुले बरं वाटते तिथं ठेव."

"मले काय समजते त्याच्यातलं?"

"तुले ऐकू येते. मले येत नाई. आता तूच समजव."

तिने बटण एवढंसं फिरवलं, ऐकलं, परत एवढंसं मागे आणलं. मग म्हणाली, "हे पाहा, आता झांज हाय, पण टोचत नाई." मला झांज ऐकू आली नाही. पण तिच्या मांडीवर बोटं ताल धरून हलत होती, आणि झांज जिथे पडायला हवी नेमकी तिथे तर्जनी पडत होती. शिवाय गाणारीचा आवाज, तबल्याचा डगा, पेटी, हे सगळं मला स्वच्छ येत होतं, आजही येतं. चांगल्या लावलेल्या खोलीत तेवढंही पुष्कळ असतं.

हळूहळू ही गोष्ट पसरली आणि पुन्हा बोलावणी यायला लागली, या वेळी घरांची. आता आम्ही दोघं मोटारसायकलवर जातो. मी वायर, अर्थिंग, स्टँड, जागा पाहतो. त्यात माझी चूक आजही कोणी काढू शकत नाही. ती सोफ्यावर बसून ऐकते आणि घरवाल्या बाईलाही शेजारी बसवून घेते. "तुमाले रोज आयकायचं हाय, तुमी सांगा," असं म्हणते. घरातला पुरुष बहुधा वॅटचा आकडा सांगायला लागतो. मी त्याला चहा घ्यायला अंगणात नेतो.

परवा करडीला एका निवृत्त पोस्टमनकडे गेलो होतो. त्यांनी एक स्पीकर हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघरात लावला होता, दोघांनाही ऐकू यावं म्हणून. पण दोन स्पीकर गाण्याचे वेगवेगळे भाग वाजवतात, त्यामुळे गाणाऱ्याच्या जोडीदाराचा आवाज सगळा स्वयंपाकघरात आणि वाजंत्री सगळी हॉलमध्ये. मी दोन्ही स्पीकर हॉलमध्ये आणले. बायको पोस्टमनच्या घरवालीला म्हणाली, "बाई, गाणं आयकाचं असन तर इथं येऊन बसा."

"अन् सैपाक?" तिने विचारलं.

"यायले सांगा कराले," माझी बायको पोस्टमनकडे बोट दाखवून म्हणाली.

पोस्टमन माझ्याकडे पाहायला लागले. मी स्टँडचा नट आवळत होतो. तो आधीच घट्ट होता, तरी मी आणखी थोडा आवळला.